छतावरचा रस्ता

आमचे हे पडले ते कूलरमध्ये पाणी भरता भरता. सगळी नोकरी एसटीची गाडी चालवली, घाटातून, पुरातून, पार गडचिरोलीच्या जंगलातून, पण गाडीले एक खरचटा लागू दिला नाही. त्याचा केवढा गर्व. पोरीच्या लग्नात व्याह्यांशी ओळख करून देताना सुद्धा आधी हेच सांगतलं होतं. आणि असा माणूस पडला कुठी, तं स्वतःच्या गच्चीवर, पाण्याच्या पाइपात पाय अडकून. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, आत प्लेट बसली. डॉक्टर त्यांले म्हणाले, "चंपतराव, आमचं काम झालं. आता उठणं तुमचं काम." मले बाहेर बोलावून वेगळंच सांगतलं. या वयात माणूस असाच पाठीवर पडून राहिला तं छातीत कफ भरते, पाय चालणं विसरते, आणि मंग प्लेट कितीही चांगली बसली असली तरी उपयोग नाही. "काकू, त्यांले उठवा," म्हणाले, "कसंही करा."

कसंही करा म्हणणं सोपं आहे. उठवून दाखवा म्हणावं आमच्या ह्यांले.

आमचं घर गांधीबागेजवळ. खाली कपड्याचं ठोक दुकान, वर आम्ही. मी शाळेत विज्ञान शिकवत होती, आता रिटायर. पोरगी दिपाली पुण्याले. घरात दोघंच, त्यातला एक पलंगावर. व्यायाम करून घ्यायले मयुरा नावाची पोरगी येत होती. तोंडाले स्कार्फ गुंडाळून भर उन्हात स्कूटरवर येणार, स्कार्फ काढणार, आणि हसून म्हणणार, "चला काका, आज बसायचं."

"पडलो तं कोण उचलन?"

"मी आहे न."

"तू? एवढीशी?"

तिनं खांद्याखाली हात घातला की हे असे ओरडत की खालच्या दुकानातले लोक वर पाहत. दुखत होतं, नाही कशाले म्हणू. पण दुखण्यापेक्षा भेव जास्त होतं. ज्या माणसाच्या हातून कधी काही आदळलं नाही, तो स्वतःच आदळला होता. ते त्यांच्या मनातून जाऊन नव्हतं राहिलं. बिचारी मयुरा पावलं वरखाली करून घेई आणि चालली जाई.

मी रागावली, समजावलं, दिपालीले फोनवर रडायले लावलं. काही नाही. हे आपले छताकडे पाहत पडून. पहिले जेवणाले नाही म्हणू लागले, तेव्हा मले राग आला. मंग एक दिवस चहा मागणं बंद केलं, तेव्हा मी घाबरली. या माणसानं लग्नाच्या मांडवात चहा मागतला होता.

नवतपा लागला होता, मे सरतानाचे ते उन्हाचे नऊ दिवस. नागपूरचा नवतपा म्हणजे दुपारी रस्त्यावर डांबर चपलेले चिकटते. कूलर पूर्वेच्या, गच्चीकडच्या खिडकीत, आणि ह्यांच्या पलंगाच्या डोक्याशी दक्षिणेची खिडकी, थेट रस्त्यावर. तिच्यातून अशी झळ येत होती की मी फ्रिजचं जुनं खोकं कापलं आणि पूर्ण खिडकीवर खिळ्यांनी ठोकून दिलं. कडेनं काळी टेप लावली. एक खिळा वाकडा गेला, तो उपसला, त्याचं भोक राह्यलं. राहू दे म्हटलं, एवढ्याशा भोकातून किती ऊन येणार.

दुपारी वरण-भात घेऊन गेली. खोलीत अंधार. हे म्हणाले, "प्रेमा, छतावर टेम्पो पलटला."

या उन्हात चांगल्या चांगल्यांचं डोकं फिरते. मी कपाळाले हात लावला, ताप नव्हता.

"माझ्याकडे काय पाहून राहिली? वर पाह्य."

मी वर पाह्यलं. आणि खरंच टेम्पो पलटला होता, बापा. चाकं वर, टप खाली, आणि तसाच चालून राहिला होता. त्याच्या मागून ऑटो, तोही उलटा. कपड्याचे गठ्ठे लादलेली हातगाडी उलटी, ती ढकलणारा माणूस उलटा, लांबच्या लांब, फिक्का, पण लाल गमछा लालच. आवाज सगळे खिडकीतून येत होते, हॉर्न, शिव्या, समोरच्या रसवंतीचे घुंगरू. आणि चित्र छतावर सरकत होतं.

मी ताट खाली ठेवलं आणि हसत सुटली. दरवर्षी आठवीच्या वर्गाले मी हेच शिकवत होती. बुटाचं खोकं आणायचं, एका बाजूले सुईनं भोक पाडायचं, दुसऱ्या बाजूले तेल लावलेला कागद. पोरं खिडकीशी धरत आणि ओरडत, बाई, झाड उलटं दिसून राहिलं. किरण सरळ रेषेत जातात, वरचा खाली येतो, खालचा वर जातो, लिहून घ्या. एवढी वर्षं खोकं बाहेरून पाह्यलं, आणि आज मी खोक्याच्या आत उभी होती. पिनहोल कॅमेऱ्याच्या पोटात, नवऱ्यासकट.

"हसून काय राहिली? गाड्या पलटून राहिल्या तिकडं."

मी सांगायले लागली तं म्हणाले, "मास्तरीनबाई, वर्ग नको घेऊ." पण डोळे छतावरून काढले नाही. आणि वरण-भात पूर्ण खाल्ला.

मंग मलेच चैन पडेना. भोक मोठं करून पाह्यलं, पेन्सिल घालून. उजेड भरपूर आला, पण सगळं पातळ पिठल्यासारखं एकमेकात मिसळलं, ऑटो कोणता आणि माणूस कोणता समजेना. मंग कोल्डड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापला, त्याले सुईनं बारीक भोक पाडलं आणि खिडकीच्या भोकावर चिकटवला. चित्र रेखीव आलं, पण इतकं अंधुक की डोळे फाडून पाहावं लागे. शेवटी पुठ्ठ्याची पट्टी घेतली, तिच्यावर लहान-मोठी भोकं पाडली आणि ती खिडकीवर सरकवून पाहू लागली. पलंगावरून हुकूम सुरू झाले.

"बारीक कर. नाही, आता काहीच दिसून नाही राहिलं. मागचंच बरं होतं. मागचं म्हणजे त्याच्या मागचं. अवं, शिकवत होती का नुसती छड्या मारत होती तू?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मले कोणी बोलणी दिली. कानाले इतकं गोड लागलं की काय सांगू. भोक जमलं तेव्हा म्हणाले, "हां. बस, आता हात नको लावू." आणि मंग म्हणाले, "चहा ठेव न."

चहा ठेवताना मी रडली. स्वयंपाकघरात रडली, त्यांच्यासमोर नाही.

त्यानंतर त्यांचा दिवस छतावर निघू लागला. सकाळी दुकानांची शटरं, दुपारी शुकशुकाट, संध्याकाळी गर्दी. "संघपालनं ठेला पुढं सरकवला आज," म्हणत. संघपाल म्हणजे समोरचा रसवंतीवाला. "तो हातगाडीवाला लंगडून राहिला. कालपासून पाहून राहिलो." रस्त्यावरच्या माणसांची त्यांले काळजी वाटू लागली होती. स्वतःची सोडून सगळ्यांची.

पण उलट्याचा त्यांले त्रास होई. ड्रायव्हर माणूस. "जन्मात गाडी पलटी नाही केली, आणि आता दिवसभर हेच पाहू का?" म्हणत. एक दिवस पडल्या पडल्या त्यांनी हिशेब लावला. "प्रेमा, माझं डोकं खिडकीकडे आहे. पाय तिकडं भिंतीकडे. पलंग फिरव. डोकं तिकडं केलं तं सगळं सरळ दिसन."

बरोबर होतं. मले ते पहिल्याच दिवशी समजलं होतं. मी मुद्दाम बोलली नव्हती.

"नाही," म्हटलं.

"काहून?"

"तिकडं उत्तर आहे."

हे माझ्याकडे पाहतच राहिले. "तू सायन्सची मास्तरीन न?"

हो, आहे मी सायन्सची मास्तरीन. उत्तरेकडे डोकं करून झोपल्यानं काही होत नाही हे मी पोरांले कितीदा सांगतलं असन. पण सासरे गेले तेव्हा त्यांले जमिनीवर, उत्तरेकडे डोकं करून, मी ठेवलं होतं. माझ्या आईले मी ठेवलं होतं. त्या दोन वेळा सोडल्या तं माझ्या हातांनी कोणाचं डोकं तिकडं केलं नाही. आणि हा माणूस आधीच उठून नाही राहिला, डॉक्टर मले बाहेर बोलावून छातीतल्या कफाचं सांगते, आणि मी माझ्या हातांनी त्यांले तसं ठेवू? चूक म्हणा, अडाणी म्हणा. नाही जमत.

"आहे मास्तरीन," म्हटलं, "पण तुमची बायको पण आहे. पलंग फिरणार नाही."

हे रुसले. डोळे मिटून घेतले ते उघडेनात. छतावर रस्ता चालून राहिला आहे आणि हे डोळे मिटून. चहा पुन्हा बंद. मले वाटलं, आपणच दिलं आणि आपणच काढून घेतलं. त्या दिवशी मी पलंगाच्या पायाले हात लावून दोनदा पाह्यलं, फिरवू का म्हणून. पण हात उचललाच नाही.

मयुरा आली ती नेमकी आमच्या भांडणात. मी तिले सगळं सांगतलं, ह्यांनी मिटल्या डोळ्यांनी मधी मधी सांगतलं. ती स्कार्फ सोडत खोलीच्या मधोमध उभी होती, खिडकीकडे तोंड करून. सांगत होतो म्हणून तिनं मान मागं टाकून वर पाह्यलं. पाहतच राहिली.

"काकू, पण मले तं सरळ दिसून राहिलं."

"काय?"

"ऑटो सरळ, माणसं सरळ. या ना, इथं उभं राहून पाहा."

मी तिच्या बाजूले उभी राहिली, खिडकीकडे तोंड, मान मागं. आणि सरळ. सगळा रस्ता पायांवर उभा. पहिल्या दिवसापासून मी पुठ्ठ्याशी नाहीतर पलंगाशी, पाठ खिडकीकडे करूनच वर पाहत आली होती. या बाजूनं पाहायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. शिकवलं काय मी एवढी वर्षं.

पलंगावर एक डोळा उघडला. "खरं बोलून राहिली का ही?"

"खरं, काका," मयुरा म्हणाली. "पण झोपून नाही दिसत असं. बसून पाहा लागते, खिडकीकडे तोंड करून."

ती भोळेपणानं बोलली का हुशारीनं, हे मी तिले अजून विचारलं नाही. विचारणार पण नाही. ह्यांनी दुसराही डोळा उघडला. मंग म्हणाले, "बसव."

बसवणं म्हणजे काय असते ते ज्यानं केलं त्यालेच माहीत. मयुरानं पाय धरले, मी खांदे. ह्यांनी माझा दंड असा धरला की हिरवे डाग आठवडाभर राह्यले. एसटी स्टँडवरच्या सगळ्या शिव्या निघाल्या, काही तं मी पहिल्यांदाच ऐकल्या. मले, मयुराले, डॉक्टरले, त्या पाइपाले. घामानं बनियन ओली. पण पाय पलंगावरून खाली आले, तळवे जमिनीले टेकले, आणि आम्ही त्यांले पलंगाच्या कडेवर तिरपं, खिडकीकडे तोंड करून बसवलं. मी मागून पाठीले पाठ लावली. त्यांनी मान मागं टाकली, डोकं माझ्या खांद्यावर आलं.

त्यांचा श्वास मले पाठीतून समजत होता. मंग म्हणाले,

"हे सगळे राँग साइडनं काहून चालून राहिले?"

मयुरा इतकी हसली की तिले खाली बसा लागलं. मी सांगतलं, सरळ झालं तरी आरशासारखं आहे, डावं उजवं होते. "चालान फाडा लागते एकेकाचं," हे म्हणाले, आणि बसून राहिले. बसून राहिले, हे महत्त्वाचं. चित्राकडे आमचं दोघींचं लक्षच नव्हतं.

मंग रोज बसणं सुरू झालं. पुढं वॉकर धरून उभं राहणं. खोलीच्या खोलीत चार पावलंही टाकू लागले, अंधारात, मान वर करून. मले वाटलं, जिंकलं. पण खोलीचं दार उघडून म्हटलं, चला, बैठकीत येऊन बसा, तं पाय मागं. जिना तं दूरच. "बसलो न, उभा राह्यलो न. पुष्कळ झालं. रस्ता इथंच येते माझ्याकडे, मी कशाले जाऊ?" असं म्हणत. मी त्यांच्यासाठी जे केलं होतं, त्याच्यातच ते आता लपून बसले होते.

मले तिकडं दुसराच किडा चावला होता. छतावरचं चित्र दिसते आणि जाते, ते धरून ठेवता आलं पाहिजे. सीताबर्डीत एका जुन्या स्टुडिओवाल्यानं माळ्यावरचा काळ्यापांढऱ्या फोटोचा कागद काढून दिला, धुवायची औषधं दिली, आणि बाई, आता हे कोण करते म्हणून हसला. दूध पावडरचा डबा आतून काळा केला, पत्र्याच्या तुकड्याले सुईचं भोक, वर टेपचं झाकण. ह्यांच्या खोलीलेच लागून असलेली संडास-बाथरूम झाली डार्करूम. झिरोच्या बल्बले पतंगीचा लाल कागद गुंडाळला.

पहिला कागद आतमधी असताना ह्यांनी हाक मारली, मी दार उघडलं, कागद काळाठिक्कर. दुसरा कोरा निघाला, टेप काढायचीच विसरली होती. मंग हे बाथरूमच्या आतच, दार लावून, खुर्चीवर बसून देखरेख करू लागले. "आठवीच्या पोरांनी बरं केलं असतं," म्हणाले. तिसऱ्यांदा ट्रेमध्ये कागद हलवता हलवता त्याच्यावर काहीतरी उमटू लागलं, तं आम्ही दोघं म्हातारे त्या ट्रेवर डोकं लावून असे वाकलो की टाळूले टाळू लागली. उजेडाचं काळं आणि काळ्याचं पांढरं आलं होतं, पांढरी झाडं, काळं आभाळ. तो वाळवून दुसऱ्या कागदावर पालथा ठेवला, वर काच, टॉर्च एकदा लावून विझवली, धुतला, आणि आला सरळ फोटो. डावं उजवंसुद्धा जागेवर. समोरची इमारत, विजेच्या तारा, संघपालचा ठेला, उभी केलेली स्कूटर.

हे फोटो हातात धरून पाहत होते. "माणसं कुठी गेली?"

"कोणती माणसं?"

"अवं, संध्याकाळची वेळ होती. गांधीबागेचा रस्ता असा रिकामा राहते का कधी? एवढ्या गाड्या गेल्या, मी स्वतः छतावर पाह्यल्या. यात एकही नाही."

मी सांगतलं. भोक बारीक, उजेड थोडा, म्हणून कितीतरी मिनिटं डबा उघडा ठेवा लागते. तेवढ्यात जो चालून राहिला तो कागदावर टिकत नाही. जो एका जागी थांबला, तोच येते.

ह्यांनी त्या रिकाम्या रस्त्यावरून बोट फिरवलं. मंग हसून म्हणाले, "मंग माझा फोटो चांगला येईन. मी तं हलतच नाही."

हसून म्हणाले, पण मले हसू आलं नाही. असं वाटलं की हा माणूस मले सांगून राहिला, मी आता भिंतीवरचा झालो, लाव खिळा. माझं डोकं सरकलं. मी ट्रे असा आदळला की औषध पायावर सांडलं.

"मंग जा न खाली," म्हटलं. "उभे राहा संघपालच्या ठेल्यापाशी. मी वरून काढते फोटो. पाहू किती चांगले येता ते. इथं अंधारात माझ्यासमोर नका सांगू मले, मी हलत नाही म्हणून. मी रोज उठून पहिले तुमची छाती वरखाली होते का ते पाहते, माहीत आहे तुम्हाले?"

हे मले बोलायचं नव्हतं. निघून गेलं. ते खुर्चीवरच बसून राहिले, मी फरशी पुसत राहिली. जेवण झालं, झोपलो.

सकाळी मयुरा आली तं हे उठून बसलेले, दाढी केलेली. मले म्हणाले, "शर्ट कोणता घालू? पांढरा येईन न चांगला?"

जिना उतरायले किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. मले वरच थांबायचं होतं, डबा उघडायले. मी दाराशी उभी राहून ऐकत होती. मयुराचा आवाज येत होता, "उतरताना दुखरा पाय आधी, काका. दुखरा. हां. आता चांगला." ह्यांचा आवाज नव्हता येत. शिव्या पण नाही. त्या नव्हत्या म्हणून मले जास्त भेव वाटत होतं. फोन चालू ठेवला होता, त्यांच्या शर्टच्या खिशात. त्यातून नुसता श्वास ऐकू येत होता.

मी खोलीत आली, दार लावलं. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात डब्यापुरती जागा कापली होती, त्यात डबा रस्त्याकडे वाकवून बसवला. आणि वर पाह्यलं.

छतावर रस्ता सुरूच होता. काही वेळ नुसते ऑटो. मंग कडेले एक पांढरा शर्ट आला. लांबट, फिक्का, समोर वॉकरचे चमकणारे पाय. वॉकर पुढं, एक पाय, दुसरा पाय. मागं मयुरा, दोन्ही हात पसरून, पण न धरता. या माणसाले मी आयुष्यभर जाता-येता पाह्यलं, ड्युटीवरून येताना खिडकीतून पाह्यलं, कधी विशेष वाटलं नाही. त्या दिवशी मले इतकं प्रेम आलं की मी अंधारात एकटीच हात जोडले. कोणाले, माहीत नाही.

संघपालनं खुर्ची आणली. फोनमधून ऐकलं, "काका, बसा न." आणि हे म्हणाले, "नाही गा, उभा राहतो. फोटो आहे."

मी म्हटलं, "अवो, ऐकू येते का? मी टेप काढून राहिली. आता हलू नका. मी सांगीन तोवर."

"काढ," म्हणाले.

मी टेप काढली. हे छतावर उभे, अगदी ताठ, लग्नातल्या फोटोत होते तसे. सगळा रस्ता त्यांच्या बाजूनं वाहून राहिला होता. आणि तेवढ्यात खालच्या दुकानाचा गठ्ठ्यांचा टेम्पो रिव्हर्स घेऊ लागला. चालवणारा कोणी नवीन असन. मागं पाहून नव्हता राहिला, आणि गाडीची शेपूट चालली होती सरळ संघपालच्या ठेल्याकडे. फोनमध्ये हॉर्न, आरडाओरडा. ह्यांचं डोकं वळलं.

"हलू नका," मी म्हटलं. "फोटो."

"थांब वं," म्हणाले.

वॉकरवरचा एक हात वर उठला. मंग वॉकर वळला. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि हे निघाले टेम्पोच्या मागं. "होऽऽ रुक. रुक बे. ब्रेकवर पाय ठेव आधी. आता आगे ले. थोडा. हां, आता काट. काट, काट, पूरा काट." तो आवाज मी किती दिवसांनी ऐकला. स्टँडवर गाडी लावताना असा आवाज लागत होता त्यांचा. "आने दे. आने दे. आने दे. बस." टेम्पो हलत होता, थांबत होता, पुन्हा अडकत होता, आणि हे त्याच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूले, वॉकर उचलून ठेवत, हात हलवत. मयुरा धावून राहिली होती मागं मागं.

मी टेप लावून डबा बंद करू शकत होती. कागद वाया गेला असता एक, दुसरा होता. पण मी डब्याले हात नाही लावला. मान दुखेपर्यंत वर पाहत राहिली. टेम्पो लागला जागेवर, पण हे थांबले नाही. तसेच पुढं चालत गेले, चौकाकडे, काय पाहायले कोण जाणे. छत संपलं, भिंत आली, आणि हे भिंतीच्याही पलीकडे गेले. मले दिसेनासे झाले. फोनमध्ये फक्त वॉकरची टकटक.

फोटो दुपारी धुतला. हे बाथरूमच्या आत, लावलेल्या दाराशी उभे होते, खुर्ची नको म्हणाले. ट्रेमध्ये इमारत आली, तारा आल्या, संघपालचा ठेला आला, त्यानं आणलेली रिकामी खुर्ची आली, एका जागी अडकून राहिला तेवढा टेम्पो आला. हे वाकून पाहत होते.

"मी कुठी आहो?"

"नाही आले," म्हटलं.

"अवं, एवढा शर्ट घातला. नीट पाह्य."

"नाही आले तुम्ही. चालून राहिले होते न."

ते माझ्याकडे पाहत राहिले, लाल उजेडात. मी ट्रे हलवत राहिली. त्यांनी वॉकरवरचा एक हात काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला, असा कधी ठेवत नाही. म्हणाले, "चहा मी ठेवतो."

तो फोटो मी फ्रेम करून बैठकीत लावला आहे. येणारा-जाणारा विचारते, बाई, हा रिकाम्या रस्त्याचा फोटो काहून लावला? मी म्हणते, आमच्या ह्यांचा आहे. लोक फोटोकडे पाहते, मंग माझ्याकडे पाहते, मंग जरा घाबरून विचारते, हे आहे कुठी? मी म्हणते, खाली असन, संघपालच्या ठेल्यावर, कोणाची तरी गाडी मागं घेऊन देत.